हातानं चालवली की बरोबर, क्रॉनवर चूक: कर्ल, कुकी आणि आयर्विनची पाणीपातळी

कृष्णाकाठ (सांगली) | १२ जुलै, रात्री ११:४८

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नेमकं बोट ठेवता येणार नाही.

मी सांगलीत गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचा तळमजला पाण्यात होता. २०२१ ला पुन्हा तीच धावपळ. तेव्हापासून गल्लीसाठी एक साधं पान चालवतो, आम्ही त्याला फळाच म्हणतो. मोठ्या अक्षरात आयर्विनची आत्ताची पातळी, खाली नोंदीची वेळ, आणि दोन रेषा: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पावसाळ्यात गल्लीतली निम्मी घरं झोपायच्या आधी फळा बघतात.

आकडा एका सार्वजनिक साइटवरून येतो. नाव इथं लिहीत नाही. तिथं लॉगिन नाही. आधी जिल्हा निवडायचा, मग पूल, की पुढच्या पानावर शेवटची नोंद दिसते. अडचण अशी की निवडलेला पूल पत्त्यात येत नाही. सगळ्या पुलांना पत्ता एकच. निवड त्यांच्या सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हरनं माझ्या भेटीपुरत्या ठेवलेल्या नोंदीत राहते, आणि सगळं कुकीवर चालतं, म्हणजे ती नोंद ओळखायला साइट देते त्या छोट्या खुणेवर.

माझ्याकडं दोन पीएचपी स्क्रिप्ट आहेत. 'निवड' ही कर्लनं (स्क्रिप्टमधून वेबपानं मागवायचं साधन) फॉर्म पोस्ट करून आयर्विन निवडते आणि मिळालेली कुकी कुकीजारच्या फाइलीत ठेवते. ती हातानं एकदाच चालवतो. 'वाचन' तीच फाइल उघडते, पान आणते, आकडा काढते आणि फळ्यावर टाकते. ही क्रॉनवर आहे, म्हणजे ठरलेल्या वेळी सर्व्हर ती आपोआप चालवतो.

गेले आठ-दहा दिवस फळ्यावरचा आकडा चुकतोय. एरर एकही नाही. परवा रात्री फळ्यावर ३४ फूट होतं. समोरच्या किराणा दुकानाच्या काकांनी ते बघून रात्री दीडला पोरांना उठवलं आणि साखरेची पोती माळ्यावर चढवली. पहाटे मी पुलावर जाऊन पट्टी बघितली तर २९ सुद्धा नव्हतं. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत. मला मात्र त्यांच्यासमोर उभं राहवेना.

हातानं 'निवड' आणि पाठोपाठ 'वाचन' चालवली की आकडा बरोबर येतो, दहा वेळा चालवली तरी. क्रॉनवर सोडलं की काही तासांनी चुकतो. काल संध्याकाळी ७ ला नीट करून ठेवलं, रात्रभर बरोबर होतं, सकाळी १० च्या सुमारास परत चुकलं. पीएचपी ८.१ आहे. कुणीतरी वाट दाखवा. पाऊस वाढतोय.


हळदबाजार (सांगली) | १३ जुलै, सकाळी ७:१०

"हातानं चालतं, क्रॉनवर नाही" असं दिसलं की मी आधी फाइलीचा पत्ता बघतो. जारचा पत्ता नुसता 'कुकी डॉट टीएक्सटी' असा दिला असेल तर हातानं चालवताना ती फाइल तुम्ही उभे असाल त्या फोल्डरमध्ये तयार होते आणि क्रॉनवर त्या युजरच्या होम फोल्डरमध्ये. दोन जागी दोन जार, आणि दोन्हीकडं वेगळी कुकी. पूर्ण पत्ता द्या, मुळापासून.

दुसरं, परवानगी. हातानं तुम्ही तुमच्या युजरनं चालवता, ब्राउझरमधून चालवलं की वेब सर्व्हरचा युजर असतो. एकानं बनवलेली फाइल दुसऱ्याला लिहिता येत नाही. इथं कर्ल फसवतं: जार लिहिता आली नाही तर ते एरर देत नाही, पुढं जातं. मी या एका गोष्टीपायी दोन रविवार घालवलेत.

जारमध्ये काय दिसतंय ते टाका बरं. कुकीची किंमत झाकून टाका.


कृष्णाकाठ | १३ जुलै, सकाळी ८:०२

पत्ता पूर्णच दिलाय दादा. दोन्ही स्क्रिप्ट एकाच युजरनं चालतात. दर वेळी फाइलीची वेळ बदलते, म्हणजे लिहिली जाते. आत एवढीच ओळ आहे, टॅबच्या जागी उभी रेघ घालतो:

#एचटीटीपीओन्ली_साइटचं नाव | फॉल्स | / | ट्रू | ० | पीएचपीसेसआयडी | लांबलचक अक्षरं

सुरुवातीला # आहे, म्हणजे ओळ बाद झालीय का? आणि पाचव्या रकान्यात ०, म्हणजे मुदत संपलीय का?


हळदबाजार | १३ जुलै, सकाळी ८:३०

दोन्हीचं उत्तर नाही. हे नीट समजून घ्या, पुढं कामाला येईल.

ही फाइल नेटस्केपच्या काळातली आहे. कुकी ही कल्पनाच १९९४ साली नेटस्केपमध्ये लू माँतुली यांनी आणली, आणि त्यांच्या ब्राउझरच्या फाइलीची मांडणी कर्लनं तशीच ठेवली. म्हणून जारच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचं नाव येतं. एका ओळीत सात रकाने, मध्ये टॅब: डोमेन, उपडोमेनला चालेल का, पाथ, फक्त सुरक्षित जोडणीवर पाठवायची का, मुदत, नाव, किंमत.

मुदत १९७० पासूनच्या सेकंदांत असते. तिथं ० म्हणजे सेशन कुकी, मुदतच दिलेली नाही. ब्राउझर अशी कुकी बंद होताना टाकून देतो. कर्ल मात्र ती जारमध्ये लिहितं आणि पुढच्या वेळी परत पाठवतं. नको असेल तर 'कुकीसेशन' हा ऑप्शन लावावा लागतो. तुम्ही लावला नसेल.

# ची गोष्ट अशी, की इतर # वाल्या ओळी टिपणं असतात, पण '#एचटीटीपीओन्ली_' नं सुरू होणारी ओळ खरी कुकी असते. जावास्क्रिप्टला जी दिसू द्यायची नाही तिच्यावर ही खूण येते. कर्लला ती कळते. तुमची जार मला तरी निरोगी वाटतेय.


कंदीपेढा (सातारा) | १३ जुलै, सकाळी ११:१५

पीएचपी ८ म्हटलंय म्हणून एक शंका. ७.४ पर्यंत कर्ल-क्लोज म्हटलं की हँडल (कर्लचं एक उघडलेलं काम) बंद व्हायचं आणि त्याच क्षणी जार डिस्कवर लिहिली जायची. ८.० पासून हँडल हा ऑब्जेक्ट झाला आणि कर्ल-क्लोज काहीच करत नाही. नावापुरतं उरलंय. जार लिहिली जाते ती ऑब्जेक्ट नष्ट होताना.

त्यामुळं एकाच स्क्रिप्टमध्ये पहिलं हँडल बंद करून दुसरं हँडल तीच फाइल वाचायला गेलं की फाइल रिकामी, कारण पहिलं अजून जिवंत आहे. आमच्या एका जुन्या कामात होस्टिंगवाल्यांनी पीएचपी वर चढवलं आणि तीन वर्षं चाललेली स्क्रिप्ट त्याच दिवशी थांबली. कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं, त्यामुळं आम्ही कुठं बघावं तेच कळेना.

उपाय तीन. पहिलं हँडल अनसेट करा. नाहीतर 'कुकीलिस्ट' ऑप्शनला 'फ्लश' हा शब्द द्या, तो लगेच लिहायला लावतो. आणि सगळ्यात बरं म्हणजे दुसरं हँडल उघडूच नका. एकाच हँडलनं सगळ्या विनंत्या करा, कुकी त्याच्या पोटातच राहतात.


कृष्णाकाठ | १३ जुलै, दुपारी १:२०

हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पण माझ्या दोन्ही स्क्रिप्ट वेगळ्या चालतात. 'निवड' संपली की हँडल जातंच. आणि असं असतं तर हातानंही चुकलं असतं ना?


मेणवलीघाट (वाई) | १३ जुलै, दुपारी ३:०५

दादा, एक विचारते. चुकीचा आकडा येतो तेव्हा ते अख्खं पान तुम्ही डोळ्यांनी बघितलंय का? नुसता काढलेला आकडा नव्हे, आलेलं पूर्ण एचटीएमएल?

मी पायथनवाली आहे, पण दुखणं एकच. मागं तासगावच्या बेदाण्याचे भाव एका साइटवरून रोज आणायचे होते. तिथं लॉगिन होतं. कुकी फाइलीत ठेवायला मोझिला-कुकीजार वापरली आणि 'सेव्ह' म्हटलं. फाइल तयार झाली, आत कुकी नाही. कारण पायथन सेशन कुकी आपण होऊन जपत नाही. 'इग्नोर-डिस्कार्ड' ट्रू करावं लागतं. कर्लच्या बरोबर उलटं वागणं. ते सापडेपर्यंत माझी स्क्रिप्ट चार दिवस लॉगिनचं पान आणत होती आणि मी त्यातून भाव शोधत होते. सर्व्हरचं उत्तर काय? २००. सगळं ठीक.

ब्राउझरमध्ये सेशन संपलं तर माणसाला दिसतं, तो परत लॉगिन करतो. स्क्रिप्टला डोळे नसतात. ४०१ किंवा ४०३, म्हणजे 'प्रवेश नाही' असं उत्तर आलं असतं तर तिला कळलं असतं, पण बऱ्याच साइट नुसतं दुसऱ्या पानावर वळवतात आणि शेवटी २०० देतात. कर्लचं 'फेल ऑन एरर' इथं काही कामाचं नाही.

आणखी एक: पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीमध्ये उत्तराच्या 'कुकीज'मध्ये फक्त शेवटच्या उत्तरातल्या कुकी दिसतात. लॉगिननंतर ३०२ नं वळवलं असेल तर खरी कुकी त्या मधल्या उत्तरात असते, ती 'हिस्टरी'त सापडते. सेशन ऑब्जेक्ट घेतला की तो सगळ्या गोळा करतो, म्हणून मी सुटी 'गेट' वापरणं सोडलं.

तर पान साठवा. प्रत्येक क्रॉनला, वेळेच्या नावानं, आलं तसं. उद्या सकाळपर्यंत उत्तर त्यातच दिसेल.


कृष्णाकाठ | १४ जुलै, सकाळी ११:३६

सापडलं. ताई, तुमचे उपकार.

काल दुपारी ४ ला 'निवड' परत चालवली आणि पानं साठवायला लावली. रात्रभराची पानं बरोबर. आज सकाळी ९:३० चं पान उघडलं. मांडणी तीच, तक्ता तोच, रकाने तेच. फक्त तक्त्याच्या वर डावीकडं बारीक अक्षरात पुलाचं नाव आहे. तिथं 'अंकली' लिहिलंय.

अंकली पूल. यादीतलं पहिलं नाव. निवड नसेल तर साइट पहिला पूल दाखवते, आणि मी नाव कधी तपासलंच नाही. मी तक्त्यातला शेवटचा आकडा उचलत होतो आणि वर स्वतःच्या हातानं 'आयर्विन' असं शीर्षक लावत होतो. दोन्ही पुलांची पट्टी वेगळी, आकडे वेगळे. पण नदी तीच, त्यामुळं आकडा खोटाही वाटत नव्हता. नदी चढली की तोही चढायचा, उतरली की उतरायचा.

आठ-दहा दिवस मी गल्लीला अंकलीची पातळी आयर्विन म्हणून सांगितली.

पण कोडं अजून आहेच. जारमधली कुकी तपासली. कालची आणि आजची पीएचपीसेसआयडी अक्षर न् अक्षर तीच आहे. मग निवड गेली कुठं?


प्रीतिसंगम (कराड) | १४ जुलै, दुपारी २:५०

मी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळं पलीकडच्या बाजूनं सांगतो.

कुकी म्हणजे नुसता बिल्ला. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळतो तसा. तुमची निवड बिल्ल्यावर लिहिलेली नसते, ती तिकडं मांडणीवर असते. बिल्ला तुमच्या खिशात वर्षभर राहील, पण मांडणीवरचं सामान किती वेळ ठेवायचं हे त्यांच्या हातात. तुम्ही बिल्ला जपत होता. सामान तिकडून उचललं गेलं.

नाव पीएचपीसेसआयडी आहे म्हणजे साइट पीएचपीवर आहे. पीएचपीमध्ये सेशनचं आयुष्य न बदलता ठेवलं तर १४४० सेकंद असतं, म्हणजे २४ मिनिटं. डॉटनेटच्या साइटवर २० मिनिटं. प्रत्येक विनंतीला हे घड्याळ परत शून्यापासून सुरू होतं.

आता "रात्री टिकतं, सकाळी जातं" याचं कारण. २४ मिनिटं झाली की सेशन त्या क्षणी मरत नाही. फाइलीत ठेवलेलं सेशन वाचताना पीएचपी तिचं वय बघत नाही. जुन्या फाइली झाडून काढायचं काम वेगळं असतं आणि मूळ सेटिंगमध्ये ते दर १०० सेशनला एकदा, तेही नशिबावर होतं. साइटवर माणसं कमी असतील तर झाडू फिरतच नाही, शिळं सेशन तसंच पडून राहतं. रात्री कोण येणार? सकाळी लोक यायला लागले, झाडू फिरला, तुमची निवड गेली. काही सर्व्हरवर, डेबियनवर उदाहरणार्थ, हा झाडू वेगळ्या घड्याळावर दर अर्ध्या तासाला फिरतो. पण तुमची लक्षणं पहिल्या प्रकारची वाटतात.

आणि कुकी तीच का राहिली? पीएचपीमध्ये 'स्ट्रिक्ट मोड' नावाची सोय आहे आणि मुळात ती बंद असते. बंद असेल तर सर्व्हर कुठलाही बिल्ला मान्य करतो. त्या क्रमांकाचं सामान सापडलं नाही तर त्याच क्रमांकानं नवं, रिकामं सेशन उघडतो. चालू असती तर नवा क्रमांक आला असता आणि तुम्हाला जारमध्ये लगेच फरक दिसला असता. एकदा रिकामं झालं की निवड आपोआप परत येणार नाही, म्हणून पुढं कायम अंकली.

एकच प्रश्न. तुम्ही म्हणता आठ-दहा दिवसांपासून. त्याआधी बरोबर चालत होतं ना? मग तेव्हा क्रॉन किती मिनिटांनी होता?


कृष्णाकाठ | १४ जुलै, दुपारी ३:०४

१५ मिनिटांनी होता. आता ३० आहे.

वाचता वाचताच लक्षात आलं. जूनच्या शेवटी मी त्या कार्यालयात फोन केला होता. म्हटलं सार्वजनिक पान आहे, पण आपण रोज घेतोय तर विचारलेलं बरं. तिथल्या बाईंनी अगदी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नोंद तशीही तासातासानं होते, अर्ध्या तासानं घेतलंत तर सर्व्हरला बरं. मी त्याच दिवशी १५ चे ३० केले. त्यांचं म्हणणं योग्यच होतं.

१५ मिनिटांनी विचारत होतो तोवर सेशन जागं राहत होतं. ३० केलं आणि ते २४ च्या पलीकडं गेलं.


विश्रामबाग_तिसरे_वर्ष (सांगली) | १४ जुलै, संध्याकाळी ६:२२

सर, हा धागा वाचून माझं पण एक विचारतो, चालेल ना? कॉलेजचा प्रोजेक्ट आहे, पीएचपीमध्ये. माझ्याच साइटचं एक पान दुसऱ्या पानात आणायचं आहे, लॉगिन केलेल्या विद्यार्थ्याच्या नावानं. म्हणून विद्यार्थ्याची कुकी घेऊन फाइल-गेट-कंटेंट्सच्या हेडरमध्ये घालून माझ्याच सर्व्हरला विनंती करतो. पान नुसतं फिरत राहतं आणि शेवटी टाइमआउट होतं. कुकी काढून टाकली की लगेच येतं, पण लॉगिन नसलेलं येतं. कुकी पाठवायची पद्धत चुकतेय का?


हळदबाजार | १४ जुलै, रात्री ९:१५

चालेल की. पद्धत बरोबर आहे तुझी, म्हणूनच अडकतंय.

पीएचपी सेशन उघडलं की त्या सेशनच्या फाइलीला कुलूप लावतं. तुझं पहिलं पान सेशन उघडून बसलंय, कुलूप त्याच्या हातात. ते दुसऱ्या पानाला विनंती करतं, तीच कुकी देऊन. दुसरं पान तेच सेशन उघडायला जातं, कुलूप दिसतं, थांबतं. पहिलं दुसऱ्याच्या उत्तराची वाट बघतंय, दुसरं पहिल्याच्या कुलपाची. कुकी काढलीस की दुसऱ्याला वेगळं सेशन मिळतं, म्हणून लगेच येतं.

विनंती करायच्या आधी 'सेशन-राइट-क्लोज' म्हण. सेशनमधलं वाचून झालेलं असतं, कुलूप तेवढं सुटतं.

पण मनापासून सांगू? आपल्याच घरातल्या खोलीत जायला रस्त्यावरून फिरून येऊ नये. ते पान ज्या फंक्शनमधून माहिती घेतं तेच फंक्शन इकडून बोलाव.

आणि फाइल-गेट-कंटेंट्सबद्दल एक लक्षात ठेव. ते कुकी जपत नाही. वळवलेल्या पानांमागं जातं, पण मधल्या उत्तरात आलेली सेट-कुकी पुढच्या विनंतीला लावत नाही. परक्या साइटवर लॉगिन करून पान आणायचं असेल तर कर्लच घे.


विश्रामबाग_तिसरे_वर्ष | १४ जुलै, रात्री १०:०१

चाललं सर. लगेच उघडलं. फंक्शनचं उद्या करतो.


कंदीपेढा | १५ जुलै, सकाळी ९:४०

कृष्णाकाठ, जार ठेवलीय कुठं? पत्त्यात पब्लिक-एचटीएमएल असेल तर आधी तिथून हलवा, बाकी मागाहून. त्या फोल्डरमधली फाइल जगातल्या कुणालाही ब्राउझरमधून उघडता येते. तुमच्याकडं फक्त पुलाची निवड आहे, कुणी नेली तरी बिघडणार नाही. पण ज्यांच्या जारमध्ये लॉगिनची कुकी असते त्यांची फाइल नेली म्हणजे पासवर्ड न देता आत शिरता येतं. मी एका ओळखीच्या दुकानाच्या होस्टिंगवर अशी जार उघडी पडलेली बघितलीय, बँकेची नव्हती हे नशीब. फोल्डर वेब सर्व्हर जगाला दाखवतो त्याच्या बाहेरचा हवा, परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी.


कृष्णाकाठ | १६ जुलै, रात्री १०:३०

सगळ्यांना आधी नमस्कार. दोन दिवस बसून परत लिहिलं. काय केलं ते सांगतो, कुणाला चूक दिसली तर सांगा.

'निवड' आणि 'वाचन' एकत्र केल्या. आता दर वेळी एकच हँडल उघडतो आणि कर्लच्या 'कुकीफाइल' ऑप्शनला रिकामी स्ट्रिंग देतो. तेवढ्यानं कर्लचं कुकीचं यंत्र चालू होतं, फाइल लागत नाही. आधी फॉर्मचं पान आणतो, तिथं पहिली कुकी मिळते. त्याच पानात एक लपलेलं टोकन असतं, ते उचलतो. मग जिल्हा, पूल आणि टोकन पोस्ट करतो. मग नोंदीचं पान. तिन्ही विनंत्यांमध्ये दोन-दोन सेकंद थांबतो. काम झालं की हँडल जातं, कुकी त्याच्याबरोबर जाते. जार ठेवायचीच नाही, त्यामुळं कंदीपेढ्यांनी विचारलेला प्रश्नही मिटला. जुनी फाइल खरंच पब्लिक-एचटीएमएलमध्ये होती. पुसून टाकली.

टोकन सुरुवातीला मी कोडमध्येच चिकटवलं होतं. दोनदा चाललं नाही तेव्हा कळलं की ते प्रत्येक सेशनला नवं असतं आणि कुकीशी जोडलेलं असतं. एका सेशनचं टोकन दुसऱ्या सेशनच्या कुकीबरोबर दिलं की साइट मुकाट्यानं पहिल्या पानावर आणून सोडते, तेही २०० देऊनच.

एकाच्या तीन विनंत्या झाल्या म्हणून कार्यालयात परत फोन केला. त्याच बाई होत्या. चालेल म्हणाल्या. विनंतीच्या यूजर-एजंटमध्ये (विनंती कोण करतंय ते सांगणारी ओळ) फळ्याचा पत्ता आणि माझा ईमेल घातलाय, काही अडलं तर त्यांना कळवता यावं म्हणून.

आता आकडा घ्यायच्या आधी स्क्रिप्ट तीन गोष्टी बघते. तक्त्याच्या वर 'आयर्विन' आहे का. नोंदीची वेळ दोन तासांच्या आतली आहे का. आणि आकडा मागच्यापेक्षा एकदम तीन फुटांनी तर उडाला नाही ना. यातलं एकही चुकलं तर आकडा बदलत नाही. फळ्यावर लाल अक्षरात येतं: 'नवी माहिती मिळाली नाही, शेवटची नोंद अमुक वाजताची', आणि मला मेसेज येतो. आधीची स्क्रिप्ट अशा वेळी गप्प बसून आकडा टाकायची.

काकांना दुकानात जाऊन सगळं सांगितलं. कुकी काय ते त्यांना कळलं नाही, पण अंकलीचा आकडा होता म्हटल्यावर कळलं. म्हणाले, "जास्त दाखवलंस ते परवडलं बाबा. कमी दाखवलं असतंस तर?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तीच गोष्ट मी दोन दिवस मनात घोळवतोय. पहिल्या नावाचा पूल आयर्विनपेक्षा कमी आकड्याचा असता तर सगळी गल्ली झोपून राहिली असती.

आज सकाळी साडेसहाला पुलावर गेलो. पट्टीवर ३१ फूट ४ इंच. फोन काढून फळा बघितला, ६ ची नोंद: ३१ फूट ३ इंच.


मेणवलीघाट | १७ जुलै, सकाळी ८:१२

वाचून बरं वाटलं दादा. नावाची तपासणी मी पण माझ्या बेदाण्याच्या स्क्रिप्टमध्ये आज घातली. तिथं बाजार समितीचं नाव बघायचं राहिलंच होतं.


प्रीतिसंगम | १७ जुलै, सकाळी १०:४५

उत्तम. एक विनंती. त्याच यादीत कराडचा कृष्णा पूल पण आहे. आमच्या इकडं नदीकाठी माझी बहीण राहते. तिच्यासाठी दुसरा फळा करता येईल का? आहे त्याच हँडलनं आयर्विननंतर कराड निवडलं तरी चालेल ना?


कृष्णाकाठ | १७ जुलै, दुपारी १२:२०

करतो की. पण हँडल वेगळं घेईन. निवड सेशनमध्ये राहते, त्यामुळं एकाच सेशनमध्ये कराड निवडलं की आयर्विन पुसलं जातं. क्रम जरा इकडंतिकडं झाला तर परत एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर जाईल. दोन पूल, दोन हँडल, दोन वेगळ्या कुकी, आणि क्रॉनमध्ये दहा मिनिटांचं अंतर.

रविवारी बसतो. तोवर तुमच्या पुलाच्या पट्टीचा फोटो वेळेसकट पाठवाल का? दोन-तीन दिवस जुळवून बघितल्याशिवाय तुमच्या बहिणीला फळ्याचा पत्ता द्यायचा नाही.


प्रीतिसंगम | १७ जुलै, दुपारी १२:३१

उद्या सकाळी ६ ला जातो.